उजनीच्या काठावर चिलापी: तव्याला का चिकटते?

माढेकर: मंडळी, रविवारी आम्ही चौघं होडीनं उजनीच्या पाण्यात जाणार, करमाळ्याच्या बाजूनं. मासे होडीवाले मामाच जाळ्यातून काढून देतात. मागच्या वेळी चिलापी तव्याला अशी चिकटली की शेवटी तिची भुर्जीच झाली. त्यात वारं एवढं की स्टोव्ह तीनदा विझला. काय चुकलं?

भीमाकाठ: तवा तापायच्या आत मासा टाकला, दुसरं काय! लोखंडी तवा धुरकटेपर्यंत थांबा, मग तेल. धुतलेली मासळी फडक्यानं कोरडी करा. पोटातला काळा पापुद्रा अंगठ्यानं घासून काढा, कडवटपणा त्यातच असतो. दोन्ही अंगांना तीन तिरक्या चिरा द्या आणि मीठ, हळद, लिंबू, लसूण चोळून पंधरा मिनिटं ठेवा. वरून ज्वारीचं पीठ भुरभुरवा. कडा आपोआप सुटल्याशिवाय उलथन्याला हात लावायचा नाही. आमच्या आत्याचा नियम, आणि ती हातावर चापट मारायची.

बार्शीची सून: स्टोव्ह घरीच राहू द्या. तीन दगडांची चूल मांडा, तोंड वाऱ्याच्या उलट. बाभळीच्या काटक्या घ्या. ओल्या असल्या तर डोळ्यांतून पाणी काढतील. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून न्या. रोहू मिळाला तर रस्सा करा, तळून खाताना बारीक काटे फार छळतात.

माढेकर: म्हणजे घाई नडली. आमचा एक पावणा दर मिनिटाला मासा उलटत होता, यंदा त्याला काटक्या गोळा करायला धाडतो.

भीमाकाठ: लाईफ जॅकेट घाला बरं. दुपारनंतर तिथं लाटा उठतात.