सभासद-यादी बिघडली: चालू साइटवर कालचा बॅकअप टाकू का?

प्रेषक: नोंदणी समिती

नमस्कार मंडळी,
नव्या फॉर्मसोबत आलेल्या स्क्रिप्टमध्ये 'व्हेअर'ची, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या त्याची, अटच नव्हती. सकाळी ती चालली आणि सगळ्या सभासदांचा ईमेल अन् फोन एकच झाला. रात्री 2 चा बॅकअप आहे, पण साइट चालू आहे आणि सकाळपासून लोक नोंदणी करून पैसेही भरतायत. डेटाबेस मायएसक्यूएल 8. तो बॅकअप म्हणजे डंप, डेटाबेस पुन्हा उभा करणाऱ्या आज्ञांची फाइल. ती सरळ चालवून टाका, असं एकांनी सुचवलंय. टाकू?

---

प्रेषक: वेबसाइट गट

ताई, अजिबात नको! डंपची फाइल उघडून बघा, प्रत्येक टेबलाच्या आधी 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' दिसेल. डंप घेणारा प्रोग्रॅम मायएसक्यूएलडंप ते न सांगताच घालतो. फाइल चालवलीत की आधी आत्ताचं टेबल जाईल, मग रात्रीचं येईल. सकाळच्या नोंदण्या गेल्या, आणि पैसे मात्र खात्यात जमा. तो हिशोब कोण निस्तरणार?

त्यापेक्षा त्याच सर्व्हरवर 'सुटका' नावाचा नवा डेटाबेस करा आणि डंप तिथे उतरवा. त्याआधी वरच्या ओळींत 'यूज' (कोणत्या डेटाबेसमध्ये काम करायचं ते सांगणारी आज्ञा) शोधा. डंप '--डेटाबेसेस' हा पर्याय लावून घेतला असेल तर फाइलमध्येच मूळ डेटाबेसचं नाव असतं. तुम्ही कमांडमध्ये 'सुटका' लिहिलं तरी ती ओळ आली की सगळं चालू डेटाबेसमध्येच ओतलं जातं. ती आणि 'क्रिएट डेटाबेस'ची ओळ काढून टाका.

मग सभासद क्रमांकावर दोन्ही टेबलं जोडून (जॉइन लावून) फक्त ते दोन कॉलम परत आणा, तेही जिथे अजून चुकीची किंमत आहे तिथेच. काहींनी सकाळपासून स्वतः दुरुस्ती केली असेल, त्यावर जुनं कशाला लिहायचं? ट्रान्झॅक्शन उघडा, किती ओळी बदलल्या ते बघा, पटलं तर कमिट (बदल पक्के), नाहीतर रोलबॅक (बदल मागे). टेबलावर अपडेटचा ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारी आज्ञा) आहे का तेही तपासा. 'तुमचा ईमेल बदलला' अशी पत्रं सगळ्या सभासदांना जायला नकोत.

आणि हो, आत्ताच्या बिघडलेल्या स्थितीचाही एक डंप आधी घ्या.

---

प्रेषक: एक सभासद

एवढा खटाटोप कशाला? दुसऱ्या सर्व्हरवर रेप्लिका (चालू डेटाबेसची सतत ताजी होणारी प्रत) आहे ना, तिथून घ्या की.

---

प्रेषक: वेबसाइट गट

काका, रेप्लिका इमानी असते. इथली चूक तिथेही लगेच उतरली असणार. मुद्दाम उशिराने चालणारी रेप्लिका ठेवता येते, पण आपली तशी नाही.

मला काळजी वेगळीच आहे: तो बॅकअप खरंच पुरा आहे का? 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. रोजचे डंप बघायला गेले तर ते होतच नव्हते: डंपच्या प्रोग्रॅमची आवृत्ती सर्व्हरशी जुळत नव्हती. बिघाड कळवणारे ईमेल जात होते, पण तेही वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) हाताशी होता, त्यावर निभावलं. तेव्हा ताई, फाइलची शेवटची ओळ बघा. तिथे 'डंप कम्प्लीटेड' आणि वेळ हवी. नसेल तर डंप अर्धवट आहे.

---

प्रेषक: नोंदणी समिती

शेवटची ओळ आहे. 'यूज'ही निघाला, काढला! दोन्ही कॉलम परत आले. पण रात्री 2 नंतर आणि स्क्रिप्ट चालण्याआधी आलेले सभासद राहिले. ते बॅकअपमध्ये नाहीत, आणि त्यांचे ईमेलही पुसले गेलेत.

---

प्रेषक: वेबसाइट गट

त्यांच्यासाठी बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद. आवृत्ती 8 मध्ये तो आपोआप चालू असतो आणि मुळात 30 दिवस राहतो. मायएसक्यूएलबिनलॉग या प्रोग्रॅमने, '-व्ही' हा पर्याय लावून, तो सकाळच्या वेळेपुरता वाचा. तिथे कॉलमची नावं नसतात, नुसते ॲट-1, ॲट-2 असे क्रमांक. प्रत्येक अपडेटखाली 'सेट'मध्ये नवी किंमत, आणि 'व्हेअर'मध्ये बदलाआधीची पूर्ण ओळ. स्क्रिप्टमध्ये नसलेला 'व्हेअर' इथे कामाला येतो बघा. ईमेल तिथून उचलून हातानेच भरा, थोडेच असतील.

'सुटका' आठवडाभर राहू दे, मग काढा. त्यात सगळ्यांचे फोन आहेत, कायमचा ठेवायला नको.