मदत हवी आहे: पणजोबांची दुनळी बंदूक किती जुनी, आणि किती येतील?

वाईकर_७७
घरात पणजोबांची दुनळी आहे. १८९० ची, इंग्रज कलेक्टरनं बक्षीस दिलेली. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता' कोरलंय. एक दुकानदार २५ हजार म्हणतोय, गंडवतोय बहुतेक. खरी किंमत काय? रविवारच्या आत सांगा, भाऊ परत जाणार आहे.

लोखंडी चणे
बोअर, म्हणजे नळीचं माप, कुठला? घोडे बाहेर आहेत का? काडतूस उडून बाहेर पडतं की हातानं काढावं लागतं? फोटो? एवढ्या माहितीवर म्हशीचीसुद्धा किंमत कोणी सांगणार नाही.

वाईकर_७७
बाराबोर. घोडे दिसत नाहीत. काडतुसं नाहीत, त्यामुळे माहीत नाही. फोटोला बायकोचा विरोध आहे.

सरदार घोरपडे (नावाचाच)
रॉडा म्हणजे दमास्कस नळी! लाखाच्या खाली बोलू नका.

लोखंडी चणे
न बघता दमास्कस? ती नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवायचे, तिच्यावर पिळाची वेलबुट्टी दिसते. आणि रॉडा हे विकणाऱ्याचं नाव. अशा पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमला बनायच्या आणि पट्टीवर इथल्या पेढीचं नाव पडायचं. वाईकर, बंदूक रिकामी आहे ना ते आधी बघा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करा. बुडाशी सपाट भागावर नळीच्या चाचणीचे शिक्के असतील, ते वाचून दाखवा.

इतिहासाचा किडा
हीच ती रॉडा! २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात क्रांतिकारकांनी यांचाच माल पळवला, ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार गोळ्या.

वाईकर_७७
माउझरचं इथं काय? मोबाईलच्या उजेडात वाचलं: मुकुट, खाली बीव्ही. दुसरा मुकुट, खाली बीपी. 'नायट्रो प्रूफ १ १/८'. शिवाय २ १/२ इंच. वेलबुट्टी नाही.

लोखंडी चणे
मग १८९० विसरा. मुकुटाखाली बीव्ही-बीपी हे बर्मिंगहॅमचे शिक्के १९०४ नंतरचे. नायट्रो प्रूफ म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी, १ १/८ हे छऱ्यांचं औंसातलं वजन. २ १/२ इंच ही काडतुसाच्या घराची लांबी, ती १९२५ च्या नियमांपासून ठोकू लागले. १९५४ नंतर दाब टनांत येतो, तो तुमच्याकडे नाही. म्हणजे १९२५ ते ५४. कलेक्टरची गोष्ट आजीसाठी राहू द्या.

वाईकर_७७
पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत होते, तिकडनं घेतली असेल. पण किंमत?

कोपरगावचा पाटील
आमच्याकडे रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही. विकू नका. खोबरेल तेलाचा बोळा फिरवा आणि पाडव्याला एक बार काढा.

लोखंडी चणे
खोबरेल थंडीत गोठतं, आणि बार तर मुळीच नको. घर अडीच इंची आहे, त्यात ७० मिमीचं, म्हणजे पावणेतीन इंची, काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडवलं की तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्या उजेडाकडे धरून आत खड्डे आहेत का बघा. खड्डे असतील तर २५ हजार वाईट नाहीत.

सरदार घोरपडे (नावाचाच)
आयात बंद आहे, विलायती मालाला सोन्याचा भाव आहे.

लोखंडी चणे
तो भाव पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला. बाराबोरला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

निवृत्त कारकून
परवाना कोणाच्या नावावर आहे, हे अजून कोणीच विचारलं नाही?

वाईकर_७७
आजोबांच्या. ते २०२२ ला गेले. बंदूक माळ्यावर आहे.

निवृत्त कारकून
अहो, मग किंमत कसली विचारता! परवानाधारक गेला की वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, शस्त्र कायद्याचं कलम २१. मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना बरोबर न्या. ठेवायची असेल तर वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करायचा, बाकी वारसांची संमती लागते. विकायची तरी परवाना असलेल्यालाच.

वाईकर_७७
मी किंमत विचारली होती, कायदा नाही.

सरदार घोरपडे (नावाचाच)
अँटिकला परवाना लागत नाही.

निवृत्त कारकून
ती सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा बंदुकीला. वाईकर, आजच जा.

वाईकर_७७
गेलो होतो. आधी दोन तास बसवलं, मग झापलं, शेवटी जमा करून घेतली. पावतीवर लिहिलंय: 'बंदूक, जुनी, १ नग.'

निवृत्त कारकून
नंबर? नळीवरचा नंबर पावतीवर नसेल तर उद्या परत जा.