वसईतल्या चर्चच्या मराठी प्राथमिक शाळा: माध्यम बदलावं का?

सोनचाफा
आमच्या चर्चच्या आवारातली अनुदानित मराठी प्राथमिक शाळा बंद करून तिथे इंग्रजी शाळा काढायची, असा विषय परवा पालकसभेत निघाला. माझा ठाम विरोध आहे. आपली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत, घरात आपली कादोडी बोली. आपल्या वसईचे लेखक फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा गावोगावी आनंद झाला होता. मग आपल्याच पोरांनी पहिलं अक्षर परक्या भाषेत का गिरवायचं? शिवाय या शाळेत माझ्या शेजारी पाड्यावरची वारली मुलगी बसायची. नाताळात ती आमच्याकडे फराळाला यायची, मी तिच्या अंगणात खेळायचे. शाळा नसती तर आमची ओळखही झाली नसती.

पानवेल
ताई, पट बघितलात का? यंदा पहिलीचा एक बाकसुद्धा धड भरला नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग एकच बाई दोन-तीन वर्ग सांभाळते. त्यात मुलाचं काय शिक्षण होणार? मी मराठी शाळेतला. विरारहून चर्चगेटला मुलाखतीला गेलो की उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटायचा नाही. ते वय गेलं, परत येत नाही. माझ्या मुलीला मी त्यातून जाऊ देणार नाही. भाषा जपायला घर आहे, चर्च आहे.

जुन्या बाई
अशाच एका शाळेत मी आयुष्यभर शिकवलं. पानवेल, तुमची व्यथा खरी आहे. पण नवी इंग्रजी शाळा विनाअनुदानित असेल, म्हणजे फी आली. शिक्षण हक्क कायद्यातले 25 टक्के राखीव प्रवेश अल्पसंख्याक संस्थांना बंधनकारक नाहीत, सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल तसा आहे. मग पाड्यावरचं मूल कुठे जाईल? आमच्याकडे सिस्टर स्वतः पाड्यावर जाऊन मुलांना हाताला धरून आणायच्या. अनवाणी येणारी पोरं चौथी पास होऊन हायस्कूलला गेली. माझ्या लेखी चर्चची शाळा म्हणजे एवढंच.

बावखल
बाईंचा आदर राखून सांगतो. घटनेच्या कलम 30 ने आपल्या समाजाला संस्था काढायचा हक्क दिलाय तो आपली मुलं पुढे जावीत म्हणूनही. आज आपलीच कुटुंबं दुसरीकडे भरमसाट फी भरतात. गावाची जबाबदारी एकट्या चर्चने का उचलायची? जिल्हा परिषदेची शाळा आहे की.

सोनचाफा
बावखल, आवारातली विहीर पूर्वी सगळ्या आळीची होती, तेव्हा कुणी असा हिशेब मांडला नाही. पानवेल, तुमचं मात्र पटलं. इंग्रजी नीट यायलाच हवं. सेमी इंग्रजी करू, गणित इंग्रजीतून, संभाषणाला रोज एक तास, त्यासाठी वेगळ्या शिक्षिका. मानधन गावातून गोळा करू, माझे पहिले पाच हजार धरा.

पानवेल
सेमी चालेल. पण मानधन दरवर्षी उभं राहील हे फादरांसमोर लेखी ठरू द्या. ते झालं तर मुलीचं नाव मी तिथे घालतो. नाही झालं तर जूनमध्ये ती बसने इंग्रजी शाळेत जाईल.

जुन्या बाई
संभाषणाचा तास मी घेते. मानधन नको.