दुसऱ्या मजल्यावर वायफाय येत नाही, कोणता राऊटर घ्यावा?

रो हाऊस ११:
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. फायबर घेऊन वर्ष झालं, २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, खाली हॉलमध्ये एकदम मस्त चालतं पण दुसऱ्या मजल्याच्या खोलीत काहीच नाही. लेकीचा एमपीएससीचा क्लास असतो रोज संध्याकाळी, लेक्चर अडकलं की ती लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसते, वही मांडीवर. बघवत नाही हो. काल दुकानात विचारलं तर तो म्हणाला आठ अँटेनावाला घ्या, तीन मजले कव्हर होतील. घेऊ का? कोणी घेतलाय का असा?

रो हाऊस ३:
काकू आमच्याकडेही हेच रडगाणं. मी वर रिपीटर (खालचं वायफाय पकडून पुढे देणारा डबा) लावला, दांड्या फुल दिसतात पण व्हिडिओ गोल गोल फिरतच राहतो

रो हाऊस ७:
काकू दोन दिवस थांबा, काही घेऊ नका. मी मागच्या वर्षी ह्यातून गेलोय आणि पैसे घालवून शिकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, आपल्या सगळ्यांच्या घराचा प्लॅन एकच आहे त्यामुळे सगळ्यांनाच लागू पडेल.

तुमची लेक जिन्यात बसली की चालतं ना? त्यातच उत्तर आहे. रेंज स्लॅबमधून वर जातच नाहीये, जिन्याच्या मोकळ्या जागेतून चढतेय. आपला स्लॅब म्हणजे काँक्रीट आणि आत सळ्यांची जाळी, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत असे दोन स्लॅब. त्यात फायबरचा डबा सगळ्यांच्या घरी दाराजवळ मीटरच्या बाजूला, म्हणजे घराच्या अगदी एका कोपऱ्यात. वायफायचे दोन बँड असतात, म्हणजे लहरींचे दोन पट्टे. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असतो पण भिंतीतून, स्लॅबमधून लवकर मरतो, २.४ वाला त्यामानाने पार होतो पण त्याचा वेग कमी आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी त्याच्यावरच.

आणि अँटेनाचं म्हणाल तर राऊटरने किती पॉवर सोडायची ह्याला सरकारी मर्यादा आहे, आठ अँटेना लावल्या म्हणून ती वाढत नाही. समजा राऊटरचा आवाज वर पोचला तरी फोनचा, लॅपटॉपचा आवाज खाली पोचायला नको का? बोलणं दोन्हीकडून असतं. रेंज दिसते पण चालत नाही त्याचं हे एक मोठं कारण.

रो हाऊस ५:
पण दादा माझ्या साडूकडे डुप्लेक्स आहे, एकाच राऊटरवर दोन्ही मजले चालतात

रो हाऊस ७:
चालत असेल ना काका, एकच स्लॅब, राऊटर मधोमध आणि जिना हॉलमधूनच उघडा असेल तर चालतं. आपल्याकडे दोन स्लॅब आणि राऊटर कोपऱ्यात. अंदाज नको, मोजूनच बघा, अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, त्यात उणे आकडा दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. माझ्याकडे हॉलमध्ये -४५ होता, पहिल्या मजल्याच्या लँडिंगला -६३ आणि वरच्या खोलीत दार लावलं की -८४. साधारण -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -८० च्या खाली गेलं की सोडूनच द्या.

रो हाऊस ३:
मग माझ्या रिपीटरचं काय चुकलं? दांड्या तर फुल आहेत

रो हाऊस ७:
ताई दांड्या तुमचा फोन आणि रिपीटर ह्यांच्यातल्या आहेत. रिपीटरला स्वतःला खालून काय मिळतंय ते त्यात दिसत नाही. जिथे रेंज मेलेली आहे तिथेच लावला तर तो मेलेलीच पुढे देणार. आणि साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. आजच काढून पहिल्या मजल्याच्या लँडिंगला लावून बघा, फरक पडेल.

रो हाऊस १४:
आम्ही भाड्याने राहतो, आम्हाला फोडाफोड चालणार नाही. मेश (आपापसात जोडलेले वायफायचे दोन-तीन डबे) घेतलं तर?

रो हाऊस ७:
हो, तुमच्यासाठी मेशच बरोबर. तीनचा सेट घ्या, एक खाली, एक पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आणि एक वर, तेही जिन्याजवळच, कपाटाच्या मागे किंवा आरशामागे नको. बजेट असेल तर ट्राय बँडवाला, त्यात डबे आपापसात बोलायला वेगळा बँड वापरू शकतात.

पण ज्यांचं घर स्वतःचं आहे त्यांनी खालच्या राऊटरपासून वरपर्यंत इंटरनेटची वायर ओढा, माझं कळकळीचं सांगणं आहे. राऊटर कुठल्या कंपनीचा हा प्रश्न त्याच्या नंतर. बिल्डरने गच्चीपासून हॉलच्या टीव्हीपर्यंत डिशच्या केबलचा पाइप दिलेला आहे, बऱ्याच जणांनी डिश बंद केलीय, केबल तशीच आत पडून आहे. इलेक्ट्रिशियनने त्या जुन्या केबललाच नवीन वायर बांधली, मी गच्चीवरून ओढत होतो, तो खालून सोडत होता, अर्ध्या तासात काम झालं. मधे बेंडला अडकली तेव्हा स्प्रिंग घालावी लागली तेवढंच. फक्त लाइटच्या वायरींच्या पाइपमधून ही वायर नेऊ नका.

वायर कॅट सिक्सच घ्या आणि पूर्ण तांब्याची. पहिल्यांदा मला एका दुकानातून स्वस्त मिळाली म्हणून आणली, जॅक लावताना तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर वरवर तांब्याचा मुलामा. परत केली. तुम्ही पण खरवडून बघा, आतपर्यंत लालसर दिसली पाहिजे.

वर साधा वायफाय ६ चा राऊटर घेऊन अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे वायरने आलेलं इंटरनेट तो फक्त वायफायने पसरवतो) टाकला तरी पुरतो. नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवा. फक्त पोर्ट गिगाबिट आहेत ना ते खोक्यावर बघून घ्या, १०० वाले पोर्ट असतील तर तुमचा २०० चा प्लॅन ९५ च्या आसपास अडकेल. माझ्याकडे आता वरच्या खोलीत -४१ आहे, प्लॅनचा पूर्ण वेग मिळतो.

रो हाऊस ११:
लाइट गेल्यावर?

रो हाऊस ७:
खालचा फायबरचा डबा आणि वरचा राऊटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या काकू. एक बंद राहिला तरी क्लास बंद.

रो हाऊस ५:
वायर किती लागते एका घराला?

रो हाऊस ७:
मला ३२ मीटर लागली. पूर्ण खोकं ३०५ मीटरचं येतं, सुट्टी घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. आठ-नऊ घरं मिळून एक घेऊ या का? माझा इलेक्ट्रिशियन रविवारी यायला तयार आहे, एका दिवसात तीन-चार घरं होतील. अजून एक, आपली घरं भिंतीला भिंत लागून आहेत, तर २.४ चे चॅनल पण वाटून घेऊ, शेजारी शेजारी १, ६, ११, परत १, ६, ११ असे. सगळे एकाच चॅनलवर बसलेत म्हणून एकमेकांना अडवतोय.

रो हाऊस ३:
मी आहे, ३ नंबर

रो हाऊस ५:
५ पण धरा. गच्चीची चावी माझ्याकडे आहे, सकाळी ९ ला उघडून ठेवतो

रो हाऊस ११:
मी पण. दादा पहिलं आमचं घर घ्याल का, सोमवारपासून तिची टेस्ट सिरीज आहे

रो हाऊस ७:
काकू पहिलं तुमचंच. तोपर्यंत ताई, तुमचा रिपीटर दोन दिवस काकूंना द्याल का, मी संध्याकाळी येऊन लँडिंगला लावून देतो