वीरगळाच्या पाटीवर नेमकं काय लिहावं?

पवनाकाठ
मंडळी, एक अडचण आहे, मदत करा. आमचं गाव मावळात. एसटी थांब्यामागे पिंपळाच्या पारावर दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीच्या कोरीव शिळा, उभे आहेत. अंगावर शेंदराचा जाड थर, अमावस्येला नारळ फुटतो, गावात त्यांना नुसतं 'वीर' म्हणतात. यंदा ग्रामपंचायतीनं तिथं रस्त्याकडेला माहितीफलक लावायचा ठराव केला आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं. सुचवलेला मजकूर असा: 'शिवकालीन शूर मावळ्यांचे पवित्र स्मारक. सर्वांनी पावित्र्य राखावे.' खाली देणगीदारांची नावं आणि सगळ्या सदस्यांचे फोटो.

मला हे पटत नाही. एका दगडाच्या खालच्या कप्प्यात गाई स्पष्ट दिसतात. शिवकालाचा पुरावा काय, असं बैठकीत विचारलं तर आमच्या आळीतले आप्पा तडकले, "म्हणजे आपला वीर खोटा का?" त्यांचं मन मोडायचं नाही, पण पाटीवर काहीतरी ठोकून द्यायचंही नाही. चार बाय तीन फुटांत काय मावतं?

दगडवाचक
पाटी होण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. एकदा पत्र्यावर रंगवलं की पुढची पन्नास वर्षं तोच इतिहास होऊन बसतो.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सहसा सगळ्यात खाली पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. सूर्य-चंद्र असतील तर ते 'जोवर हे आहेत तोवर कीर्ती राहो' म्हणून. तुमच्या दगडावर गाई आहेत, म्हणजे गावाचं गोधन पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस पडला. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ शिलाहार-यादव काळातले मानतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधीचे. नंतरही ते कोरले जात होते, त्यामुळे नुसत्या फोटोवरून शतक छापू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्या बाजूंनी फोटो काढून पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा डेक्कन कॉलेजात जाणकारांना दाखवा. शेंदूर तारेच्या ब्रशनं किंवा ॲसिडनं काढायला मात्र कुणालाही देऊ नका. शेंदरासोबत कोरीव कामही जाईल.

आणि पाटी अशी लिहा की वाचणाऱ्यानं मान वळवून दगडाकडे बघितलंच पाहिजे. 'खालच्या कप्प्यात गाई बघा' हे एक वाक्य 'पवित्र स्मारक'पेक्षा जास्त काम करतं. पुष्कळ संरक्षित स्मारकांपाशी पाटी असते ती फक्त कायदा आणि दंड सांगणारी. समोरची वास्तू कुणाची, कशासाठी, यावर एक ओळ नसते. माणूस शिक्षा वाचून पुढे निघून जातो. याचा मला मनापासून त्रास होतो.

आप्पांना वडगावची गोष्ट सांगा, तुमच्याच तालुक्यातली. जानेवारी 1779 मध्ये राघोबादादांना घेऊन इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्यापाशी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं मेला. फौज तळेगावाहून माघारी फिरली, जड तोफा तळ्यात टाकल्या आणि वडगावात कोंडली गेली. तिथंच मराठ्यांशी तह झाला. त्या स्टुअर्टला आपल्या लोकांनी 'इष्टुर फाकडा', म्हणजे शूर स्टुअर्ट, म्हटलं आणि वडगावात त्याची समाधी जपली. शत्रूचं शौर्यसुद्धा आहे तसं लक्षात ठेवणारा हा मुलूख आहे. गाई राखताना मेलेल्या आपल्याच माणसाला मान मिळायला शिवकालाचा शिक्का कशाला लागतो?

सागरगड
अलिबागहून लिहितेय. आमच्या अक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक, आणि तो वर्षानुवर्षं रस्त्याकडेला तसाच पडून होता. पर्यटकांच्या गाड्या शेजारून किनाऱ्याकडे जायच्या. म्हणून पाटी हवीच, पण दगडाला टेकून किंवा चौथऱ्यात सिमेंट ओतून नको. चार हात लांब, आणि वाचायला थांबणाऱ्याला एसटीचा धक्का लागणार नाही अशी.

घाटवाट
दगडवाचक, सगळं मान्य, पण एक राहिलं. गावात जी आख्यायिका आहे तिलाही पाटीवर जागा द्या. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर आणि त्याला मिळालेली गोळी, ही गोष्ट कागदात शोधत बसलात तर हाती फार लागणार नाही. तरी गाडीवाले तिथं नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. ही आठवणसुद्धा इतिहासाचाच भाग आहे. ती पुसू नका, फक्त 'गावात असे सांगतात' म्हणून वेगळी लिहा.

दगडवाचक
घाटवाट, बरोबर. अमावस्येचा नारळही लिहा. आजही पूजा होते, ही त्या दगडाबद्दलची सगळ्यात पक्की माहिती आहे. आणि पाटी कोणत्या साली लावली ते कोपऱ्यात टाका. उद्या नवं काही कळलं तर बदलणाऱ्याला जुनं कधीचं ते समजेल.

पवनाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आप्पांसमोर बसूनच मसुदा केला:

'हे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा. खालून वर पाहा. डावीकडच्या शिळेवर तळाशी गाई दिसतात : हा वीर गोधन राखताना पडला. वर लढाई, त्यावर स्वर्गारोहण, शेवटी शिवपूजा. वीरांची नावे कोरलेली नाहीत. हे मावळे होते असे गावात सांगतात. दर अमावस्येला गाव येथे नारळ वाढवते.'

आप्पांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. 'गोधन' काढून 'गावाची गुरे' केलं, आणि 'नारळ वाढवते'च्या आधी 'पिढ्यान् पिढ्या' घातलं. फोटो आधी मंडळात दाखवतो, मगच रंगाऱ्याला मजकूर देतो. देणगीदारांची नावं पाराच्या मागच्या भिंतीवर घ्यायला सरपंच तयार झालेत. सदस्यांच्या फोटोंचं मात्र अजून ठरायचंय, ते ग्रामसभेत बोलतो.