इंग्लंडमधील वाडीत घालवलेला दिवस : आपले अनुभव

इंग्रज ज्याला हॅम्लेट म्हणतात, ती आपली वाडीच. कोकणात ग्रामदेवतेचे देऊळ गावात असते आणि वाड्यांतील माणसे तिथवर येतात. तसेच तिकडेही रूढ अर्थाने चर्च असते ते गावात, वाडीला ते नसते. अशा एखाद्या वाडीत आपण गेला असाल, तर लंडन-बाथचे वर्णन वगळून केवळ त्या वाडीविषयी लिहावे, ही विनंती.

मँचेस्टरहून :
मी मूळचा इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या खडखडाटात झोपी जाणारा. लँकेशायरमध्ये कोल्नजवळ वायकोलर नावाची वाडी आहे. पाहुण्यांनी गाडी बाहेर वाहनतळावर ठेवून चालत जायचे. ओढ्यावर जवळजवळच जुने पूल आहेत. पहिला पूल दोन कमानींचा, त्यावरून लादलेली तट्टे जात. दुसरा म्हणजे नुसती एक लांब शिळा, तिला कठडा नाही. तीवरून जाताना मी मध्येच खाली पाहिले, ते काही बरे केले नाही. येथे एके काळी घरोघर हातमाग चालत. एकोणिसाव्या शतकात यंत्रमाग आले, माणसे पोटामागे गिरण्यांच्या गावांकडे गेली आणि वाडी ओस पडत गेली. ज्या आवाजावर आमच्या घरची चूल पेटली, त्याच आवाजाने ही शांतता मागे ठेवली, हे ध्यानात आल्यावर वायकोलर हॉल या तिथल्या जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीपाशी मी बराच वेळ बसून राहिलो.

लीड्सहून :
लेक डिस्ट्रिक्टमधील वाटेन्डलथला जाणारा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता आहे आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे. चुना-सिमेंटाशिवाय रचलेले, अगदी आमच्या देवगडसारखे. समोरून ट्रॅक्टर आला, तेव्हा यजमानांनी घामाघूम होत गाडी मागे घेतली. शेतकऱ्याने सुकाणूवरचे एक बोट तेवढे उचलले. तेथे आभार मानण्याची तीच रीत आहे, हे आम्हांला संध्याकाळी कळले.

न्यूकॅसलहून :
यॉर्कशायरमधील केल्डजवळ पायवाट लोकांच्या कुरणांतून जाते, आणि पिवळ्या बाणाच्या मागे गेले, तर कोणी हटकत नाही. मात्र फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे लागते. मी एक उघडे फाटक शहाणपणाने लावून घेतले. मेंढ्या त्यातूनच पाण्यावर जायच्या होत्या; मालकाला टेकाड उतरून यावे लागले. तो काही बोलला नाही, त्याने फाटक पुन्हा उघडून दोरीने खांबाला बांधले.