ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांची आरोग्य तपासणी नेमकी केव्हा आणि कशी करावी?

बालाघाटी (प्रश्न)

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात मी बचत गटांचे काम पाहते. आमच्या वाड्या-तांड्यांवरील बहुतेक घरे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. गेल्या सप्टेंबरात एका संस्थेच्या मदतीने आम्ही तीस वर्षांवरील महिलांसाठी शिबिर घेतले. रक्तदाब, साखर, तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी असा बेत होता. नावे नोंदवली होती ११२ जणींनी, आल्या ४१, आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पडद्याआड गेल्या अवघ्या ९.

त्या नऊजणींपैकी दोघींना पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जायला सांगितले होते. एक गेलीच नाही. दुसरी गेली, पण तो विभाग ठरावीक वारीच चालतो हे तिथे पोहोचल्यावर कळले, आणि पुढचा तो वार उजाडण्याआधी तिची टोळी निघाली. एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा मी तिच्या घरी गेले. शिबिराचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत, आम्ही दिला होता त्याच घडीत, तसाच होता.

न आलेल्या बायकांना विचारले, तर बहुतेकींचे उत्तर एकच होते: "तपासायला गेलं की पिशवी काढायला सांगतात." पिशवी म्हणजे गर्भाशय. याला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही, कारण त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की शिबिर कोणत्या महिन्यात घ्यावे, कोणती चाचणी धरावी आणि ही भीती कशी हाताळावी.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. सप्टेंबरात तपासणी केली की दोष सापडतो तेव्हा बाई निघण्याच्या तयारीत असते, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते आणि उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, थांबता येत नाही. तपासणी, त्यात काही आढळल्यास खात्रीची चाचणी आणि गरज पडल्यास उपचार, हे तिन्ही टप्पे ती गावात असतानाच पुरे होतील असा महिना हवा. माझ्या मते मे-जून.

भीतीविषयी जरा विस्ताराने लिहितो. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे अशा, औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला "पुढे कॅन्सर होईल" असे सांगण्यात आल्याचे अनेकींनी बोलून दाखवले आहे. ज्या शब्दाने पिशव्या काढायला लावल्या तोच शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत छापून आपण शिबिराला बोलावतो, तर बाईने का यावे? तेव्हा पहिल्या वाक्यातच सांगावे की ही तपासणी पिशवी वाचवण्यासाठी आहे. गर्भाशयमुखावर कर्करोगाआधीचा बदल दिसला, तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो, भूल द्यावी लागत नाही आणि पिशवीला हात लावावा लागत नाही.

ज्यांची पिशवी पूर्ण निघाली आहे आणि ती कर्करोगासाठी काढलेली नव्हती, त्यांना सहसा गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज राहत नाही. मात्र "आता मला काय तपासायचं" म्हणून त्या घरी बसतात, ते चुकीचे आहे. पिशवीबरोबर बीजकोशही (अंडाशय) काढले असतील तर पाळी अकाली बंद होऊन हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश काढले की नाही हे पुष्कळ जणींना माहीतच नसते. शस्त्रक्रियेचे कागद मागवून पाहा.

चाचणीबद्दल आपल्याच भागातले दोन मोठे अभ्यास उपयोगी पडतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या महिलांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, एक मिनिट थांबून, पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक बाईची तपासणी एकदाच झाली. त्यात एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पण आम्ल लावून केलेल्या तपासणीचा तसा ठोस परिणाम दिसला नाही. जी बाई पुन्हा कधी भेटेल याची खात्री नाही तिच्यासाठी मी एचपीव्ही चाचणीच निवडेन. मात्र तिचा निकाल प्रयोगशाळेतून यायला दिवस लागतात, म्हणूनही सप्टेंबर नको.

गटप्रवर्तक

डॉक्टरसाहेबांच्या बाकी म्हणण्याशी मी सहमत आहे, पण मे-जून हे कागदावरचे उत्तर वाटते. मे महिन्यात लग्नसराई, जूनमध्ये पेरणी, जुलैत खुरपणी. आमच्या बायकांचा रिकामा महिना कॅलेंडरात नाही. म्हणून मी शिबिराच्या नादी लागणे सोडले. उपकेंद्रावर आठवड्याचा एक वार ठरवायचा, आशाताईंनी आदल्या दिवशी पाच-सहा घरी सांगायचे आणि तेवढ्याच बायका आणायच्या. मंडप नाही, माईक नाही, सरपंचांचे भाषण नाही. मंडपातल्या पडद्याआड कोण गेले हे सगळे गाव पाहते. उपकेंद्रात बाई गोळ्या घ्यायलाही जाते, त्यामुळे कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मी पुष्कळ उशिरा शिकले. तपासणीआधी आशाताई जो धोका ओळखण्याचा अर्ज भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. "तंबाखू खाता का?" असे विचारले की बायका "नाही" म्हणतात आणि त्या खोटे बोलत नसतात, कारण त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात. "मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) किती वेळा लावता?" असे विचारले की लगेच उत्तर येते: पहाटे उठल्यावर, फडातून आल्यावर, जेवणानंतर. एकीने तर कमरेची डबी काढून दाखवली. त्या प्रश्नाला "नाही" लिहिले गेले की बाईचे गुण कमी भरतात आणि तिचे तोंड उघडून पाहण्याची घाई कोणालाच राहत नाही.

पुढे पाठवलेल्या बाईसोबत कोणीतरी गेले पाहिजे आणि जाण्याआधी त्या विभागाचा वार फोनवरून विचारून घेतला पाहिजे. नुसती चिठ्ठी हातात देऊन बाई पोहोचत नाही.

कोयत्याचा मुलगा

माझ्या आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला, म्हणून रक्तदाबाबद्दल लिहितो. आईचा रक्तदाब गावच्या तपासणीत वाढलेला सापडला आणि महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर खोपीत राहत होती. दवाखान्यात जायचे तर दिवसाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या हिशेबात लावणार. तिने गोळ्या बंद केल्या. डोके दुखत नव्हते, म्हणून कोणाला काही वाटले नाही.

टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला निघण्याच्या कितीतरी आधी माहीत असते. त्याच्याकडून ते विचारून त्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव बाईच्या कार्डावर लिहून द्या. गोळीचे नाव आणि मात्रा मराठीत लिहा, आणि निघताना जितक्या महिन्यांच्या गोळ्या मिळतील तितक्या मागून घ्या.

बालाघाटी

सर्वांचे आभार. मंगळवार ठरवला आहे, कारण बाजार सोमवारी असतो आणि त्या दिवशी कोणी सापडत नाही. ती घडी घातलेला कागद असलेली बाई पहिल्याच मंगळवारी येणार असून तिच्यासोबत मी जाणार आहे. तिने फक्त "पिशवीचं काही नाही ना?" एवढेच दोनदा विचारले.

गटप्रवर्तक ताईंचा मिश्रीचा प्रश्न काल सात घरी विचारला, सहाजणी लावतात. त्यांपैकी एकीच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मिश्री ठेवते तिथेच, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा आहे. तिला दुखत नाही. हे मंगळवारपर्यंत थांबवावे का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

स्वच्छ ओल्या कापडाने हलके पुसून पाहा. पुसला जात नसेल तर तो कर्करोगाआधीचा बदल असू शकतो. असतोच असे नाही, आणि तिला घाबरवू नका. मिश्री आजपासून बंद करायला सांगा. मंगळवारची वाट पाहू नका, ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी असतात ते आज सकाळीच फोन करून विचारा. चट्ट्याचा तुकडा तपासायचा की नाही ते तेच ठरवतील. चट्टा खरखरीत किंवा लालसर झाला असेल, तर तसे त्यांना फोनवरच सांगा.